सुपारीने कमावलेला गाल

आरशासमोर उभे राहा, तोंड होईल तेवढे उघडा आणि तर्जनी, मधले बोट व अनामिका ही आपलीच तीन बोटे एकाखाली एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते, त्यामुळे तिन्ही बोटे विनासायास मावतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातल्या दंतवैद्यांकडे मात्र दोनच बोटे मावणारे तरुण नेहमी येतात. काहींचे एका बोटावर आलेले असते. घास बारीक करून आत सरकवावा लागतो, ब्रश मागच्या दातांपर्यंत जात नाही, दुखरी दाढ काढायची तर डॉक्टरांचे अवजार पोचत नाही. यांच्या जबड्याचे हाड ठीक असते, कानाजवळचा सांधाही ठीक असतो. बिघडलेले असते ते गालाचे आतले अस्तर.

या आजाराचे दवाखान्यातले नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. गावात हे नाव कुणी घेत नाही. 'तोंड उघडत नाही', 'तिखट सहन होत नाही', एवढेच सांगतात. आजाराचे कारण गूढ नाही. ते आहे सुपारी, आणि पूर्व विदर्भात सुपारी सर्वात जास्त तोंडात जाते ती खर्र्यातून. खर्र्यातली तंबाखू वाईट, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सुपारी स्वतःच घातक आहे आणि गाल आखडतो तो तिच्यामुळे, हे मात्र शिकलेल्या माणसांनाही सांगावे लागते. हा लेख त्यासाठीच आहे.

खर्रा कसा होतो ते आधी नीट पाहू, कारण पुढचे सगळे रसायन तिथेच सुरू होते. पानठेल्यावर मागणी आली की दुकानदार कातरलेली सुपारी, तंबाखू आणि ओला चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेतो आणि पन्नी दाबून, रगडून घोटत राहतो. काही ठेल्यांवर आता हे काम यंत्र करते. घोटता घोटता सुपारीचे तुकडे नरम पडतात, चुना त्यांच्या अंगाला लागतो, तंबाखू चिकटते. चुना हा अल्क आहे. तंबाखूतले निकोटीन आणि सुपारीतली द्रव्ये अल्कधर्मी लाळेत मोकळी होतात आणि तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने आत शिरतात. खर्र्याची किक बसते ती त्यामुळे. मग ती पुडी खिशात जाते आणि चिमूट चिमूट करून दिवसभर गालात राहते. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायामाणसांच्या तोंडात, राईस मिलच्या हमालांच्या तोंडात, दिवाळीनंतरच्या मंडईत, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसलेल्या प्रेक्षकांत, सगळीकडे ती आहे. भूक मरते, झोप उडते, हाताला काम सुचते म्हणून लोक खातात. या कारणांची थट्टा करण्यात अर्थ नाही. कष्टाचे दिवस रेटण्यासाठीच पुष्कळांनी हा खर्रा जवळ केलेला आहे.

आता गालाकडे वळू.

आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत आणि त्यांचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. एकसारख्या पेशी आणि त्यांच्याभोवतीचा मालमसाला मिळून एखादे काम करतात, तेव्हा त्या समूहाला ऊती म्हणतात. शरीर अवयवांचे नसून ऊतींचे बनलेले आहे, हा विचार नीट मांडला फ्रान्सच्या झेवियर बिशाने. १७७१ साली जन्मलेला हा माणूस १८०२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. तेवढ्या आयुष्यात त्याने मृतदेहांची अखंड चिरफाड करून २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या ओळखल्या, आणि त्याही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. अवयव वेगवेगळे असले तरी त्यांत तीच ती अस्तरे, तेच तंतू, त्याच नसा पुन्हा पुन्हा भेटतात आणि आजार जडतो तो अवयवाला नव्हे, त्यातल्या एखाद्या ऊतीला, असे त्याचे म्हणणे होते. आज आपण चार मुख्य गट मानतो: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. नववीच्या विज्ञानातली ही नावे परीक्षेनंतर आपण विसरून जातो. बिशाचे नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुढे गालातच परत भेटणार आहे.

गालाची निवड मी मुद्दाम केली, कारण त्या जेमतेम बोटभर जाडीत या चारही ऊती आहेत. सर्वांत आत, लाळेला लागून, अभिस्तर असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडून, मिथिलिन ब्लू टाकून ज्या चपट्या पेशी पाहिल्या होत्या, त्या याच्याच. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पण त्यात पेशींचे कितीतरी थर असतात. सर्वांत खालच्या थरातल्या पेशी विभागतात. नव्या पेशी वर ढकलल्या जातात, वर येता येता चपट्या होतात आणि शेवटी लाळेबरोबर गळून जातात. साधारण दोन-तीन आठवड्यांत गालाचे अस्तर नवे होते. गाल चावला गेला तर तो इतक्या लवकर भरून येतो, त्याचे रहस्य हेच. अभिस्तराखाली संयोजी ऊतीचा थर: त्यात कोलॅजेनचे आणि लवचीक तंतूंचे सैलसर जाळे, ते तंतू बनवणाऱ्या तंतुजनक पेशी, रक्तवाहिन्या, लाळेच्या छोट्या ग्रंथी, चरबी. त्याच्याही पलीकडे गालाचा स्नायू. फुगा फुगवताना, शिट्टी वाजवताना, घास दाढेखाली सारताना तोच काम करतो. आणि या सगळ्यांतून गेलेल्या चेतातंतूंमुळे तिखट, गरम, टोचरे कळते.

या ऊती तयार होण्याची सुरुवात आईच्या पोटात होते. तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन थर पडतात आणि त्या तीन थरांतून पुढे सगळ्या ऊती निघतात. तोंडाच्या जागी सुरुवातीला नुसता खळगा असतो. त्याच्या तळाशी एक पातळ पडदा असतो, एका बाजूने बाहेरच्या थराचा आणि दुसऱ्या बाजूने आतल्या थराचा. चौथ्या आठवड्यात हा पडदा फाटतो आणि तोंड पहिल्यांदा आत उघडते. त्यानंतर चेहऱ्याचे उंचवटे एकमेकांकडे सरकून जुळतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास वरचा ओठ पुरा होतो, बाराव्यापर्यंत टाळू सांधला जातो. हे सांधणे अर्धवट राहिले तर बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्माला येते. दर हजार बाळांमागे साधारण एकाला असे होते. शस्त्रक्रियेने ते उत्तम सुधारते आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिचा खर्च सरकार करते.

जन्मानंतर वाढीचे काम संपत नाही. अस्तर रोज नव्याने बनत असते, म्हणजे त्याची वाढ आयुष्यभर चालू असते, आणि म्हणून चुकण्याची शक्यताही आयुष्यभर असते. खर्र्याच्या गालात ही चूक दोन ठिकाणी होते. आधी खाली, संयोजी ऊतीत. मग वर, अभिस्तरात.

खालची चूक अशी. सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. ते आणि सुपारीच्या खरखरीत कणांनी सतत होणारा दाह मिळून तंतुजनक पेशींना कोलॅजेन बनवण्याची चिथावणी देतात. कोलॅजेन हे वाईट प्रथिन नाही. हाड, कातडी, अस्थिबंध त्याच्यावरच उभे आहेत. पण निरोगी ऊतीत ते जितके बनते तितकेच मोडतही असते. जुने तंतू तोडणारे एन्झाइम तिथेच काम करत असते. सुपारीतील टॅनिन नेमके या तोडण्याच्या कामाच्या आड येते. टॅनिन कोलॅजेनच्या तंतूंना धरून बसते, मग एन्झाइमला ते तुटत नाहीत. त्यात सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते आणि कोलॅजेनच्या तंतूंना आडवे टाके घालणारे दुसरे एक एन्झाइम तांब्यावरच चालते. म्हणजे तंतू जास्त बनतात, मोडत नाहीत आणि एकमेकांना घट्ट बांधले जातात. विदर्भाच्या जंगलातला हिरडा आणि शेताच्या बांधावरची बाभळीची साल घालून कातडी कमावतात, तीही टॅनिन कोलॅजेनला धरते म्हणूनच. तिथे मेलेल्या जनावराचे कातडे न कुजता टिकाऊ व्हावे ही इच्छा असते. इथे जिवंत माणसाचा गाल कमावला जातो.

रोग्याला याची चाहूल जळजळीने लागते. रोजचीच भाजी अचानक तिखट वाटू लागते. घरात सगळे ठेचा खातात आणि हा वरणभातावर येतो. बायको म्हणते, मिरची तेवढीच आहे. कधी तोंडात बारीक फोड येतात, लाळ सुटते किंवा तोंड कोरडे पडते. मग गालाचा आतला रंग बदलतो: ताजा गुलाबी जाऊन फिकट, संगमरवरासारखा होतो, कारण दाटलेल्या कोलॅजेनमध्ये रक्तवाहिन्या दबल्या गेलेल्या असतात. स्वच्छ धुतलेले बोट आतून गालावर फिरवले तर उभे ताठ पट्टे हाताला लागतात. पुढे जीभ बाहेर पुरती निघत नाही, पडजीभ आखडून लहान होते, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगत नाही. पट्टे घशाकडे गेले तर गिळायला त्रास होतो, काहींना कमी ऐकू येते, कारण घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड उघडणारे स्नायूही त्यात सापडतात. आणि तोंड उघडणे महिन्यामहिन्याने कमी होत जाते. दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो. या आजाराचा खरा घात या न दुखण्यात आहे.

दंतवैद्याला शंका आली तर गालाचा काही मिलिमीटरचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तो फॉर्मलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात, चार-पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप पाडून काचेवर घेतात आणि दोन रंगांत रंगवतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचे गुलाबी. निरोगी गालाच्या काचेवर वर जाड जांभळट अभिस्तर दिसतो. त्याची बोटे खालच्या थरात रुतलेली असतात, आणि खाली फिकट गुलाबी, सैल, मधेमधे मोकळी जागा असलेले जाळे, लाल पेशींनी भरलेल्या रक्तवाहिन्या. खर्रा खाणाऱ्याच्या काचेवर वरचा थर पातळ झालेला असतो, खाली रुतलेली बोटे नाहीशी होऊन सीमारेषा सपाट झालेली असते आणि तिच्याखाली गुलाबी रंगाचा एकसंध गठ्ठा असतो, ज्यात एकेक तंतू वेगळा ओळखता येत नाही. रक्तवाहिन्या थोड्या आणि चेपलेल्या. आजार पुढे गेलेला असेल तर स्नायूच्या तंतूंमध्येही हा गुलाबी माल शिरलेला दिसतो. एकाच काचेवर दोन उलट गोष्टी आहेत: वरची ऊती झिजते आहे आणि खालची अतोनात वाढते आहे.

वैद्यकाच्या नोंदीत हा आजार फार जुना नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत तो पाहून लिहिला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातले रुग्ण मांडले आणि सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले. तेव्हा कारण निश्चित नव्हते. मिरची, जीवनसत्त्वांची कमतरता, रक्तक्षय अशी पुष्कळ नावे पुढे आली. सुपारीकडे बोट दाखवायला आणखी काही दशके लागली. त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविभागाने केलेले काम मोलाचे आहे. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्यासोबतच्या मंडळींनी देशाच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. महाराष्ट्रात त्यांनी १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची तपासणी केली आणि ते निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. आज मोबाइलवर सर्वेक्षण उरकणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे आणून पाहावा: लाखभर तोंडे, एकेक करून, हातात आरसा घेऊन.

आपल्या भागाचे चित्र नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून आले. तिथले डॉ. हजारे आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या या आजाराच्या १००० रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. एका स्त्री रुग्णामागे जवळपास पाच पुरुष होते. पुरुषांत तिशीच्या आतल्या तरुणांत आजार ठळक होता आणि त्यांच्यात गुटखा व खर्रा खाणे प्रामुख्याने दिसले. स्त्रियांत नुसती सुपारी खाणे जास्त होते. या शेवटच्या वाक्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधतो. तंबाखूला हात न लावणाऱ्या बायांचे तोंड आखडले होते. हळदीकुंकवाला, जेवणानंतर, पाहुण्यांपुढे जी सुपारी निरुपद्रवी म्हणून फिरते, ती तोंड आखडायला पुरेशी होती.

वरच्या थरातली, म्हणजे अभिस्तरातली चूक खालच्या चुकीहून गंभीर आहे. पेशी विभागताना तिच्या सूचनांची, म्हणजे डीएनएची, नक्कल होते. नकलेत चूक राहिली तर ती पकडणारी आणि दुरुस्त न झाल्यास त्या पेशीला मरायला लावणारी यंत्रणा पेशीत असते. पी-५३ नावाचा जनुक तिचा मुख्य पहारेकरी. सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या अल्कलॉइडांपासून लाळेत बनणारी नायट्रोसामाइन्स आणि तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएला चिकटून या चुका वाढवतात. खालचा थर घट्ट झाल्याने रक्त कमी मिळते, वरचा थर पातळ झाल्याने विषारी द्रव्ये सहज खोल जातात, आणि त्याच जागी रोज नवा तोबरा येतो. अशात पी-५३ स्वतःच बिघडला तर चुकीच्या पेशी जगू लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराची शिस्त मोडलेली दिसते. केंद्रके मोठी आणि गडद, पेशींचे आकार वेडेवाकडे. विभागणी फक्त तळाच्या थरात व्हायला हवी ती मधल्या थरातही. याला डिस्प्लेसिया म्हणतात. बिघाड तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल तर सौम्य, दोन तृतीयांशापर्यंत चढला तर मध्यम, त्याही वर गेला तर तीव्र. तोवर हा सगळा गोंधळ अभिस्तराच्या आतच असतो. अभिस्तर आणि खालच्या ऊतीच्या मधे एक अतिशय बारीक पडदा असतो. ज्या दिवशी बिघडलेल्या पेशी तो पडदा भेदून खाली उतरतात, त्या दिवशी त्या आजाराला कर्करोग म्हणतात.

म्हणजे कर्करोग 'अचानक निघाला' हे आपले नेहमीचे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. त्याच्याआधी कित्येक वर्षे गाल फिका होता, तिखट लागत होते, तोंड कमी उघडत होते, एखादा पांढरा चट्टा किंवा त्याहून धोक्याचा मखमली लाल चट्टा होता. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या रुग्णांचा सतरा वर्षे पाठपुरावा झाला, त्यांतल्या ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला. आणि तो होतो तो बहुधा खालचा गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत, म्हणजे पुडीतली चिमूट जिथे ठेवतात तिथेच. १९५३ मध्ये अमेरिकेत डॅनले स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तोंडाच्या कर्करोगात गाठीच्या आसपासचे, वरवर निरोगी दिसणारे अस्तरही बिघडलेले असते. म्हणूनच एक गाठ काढल्यावर दुसरीकडे नवी उगवू शकते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण होतात.

गोंदियाच्या वाचकाला ऊतीचा दुसरा एक बिघाड चांगला परिचयाचा आहे: सिकलसेल. रक्त हीही संयोजी ऊतीच आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. तेवढ्याने तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, अडकतात, तुटतात, आणि पोराच्या हातापायांत असह्य कळा येतात. ती चूक आईबापांकडून आलेली असते. त्यात रोग्याचा काही हात नसतो. त्या आजारासाठी आपण लग्नाआधी रक्त तपासायला शिकलो, शाळेत शिबिरे घ्यायला शिकलो. गालाची चूक तर कुणालाही जन्मतः मिळालेली नसते. ती टाळता येते. तरी तिच्यासाठी तेवढीही शिबिरे आपण घेत नाही, याची मला खंत वाटते.

'तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो', असे अभिमानाने सांगणारी माणसे मला भेटतात. त्यांचा निश्चय खरा असतो, माहिती चुकीची असते. तैवानमध्ये लोक पानसुपारी खातात ती तंबाखूविना, आणि तिथे तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. गोड सुपारी, रंगीत सुपारी, मुलांच्या हातात पडणारी एक-दोन रुपयांची पाकिटे यांना यातून सूट कुणी दिली? पोराला जीभ रंगवायला म्हणून सुपारी देऊ नका. गर्भवतीला मळमळ थांबावी म्हणूनही नको. सुपारी खाणाऱ्या आयांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे.

कायदा आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, पुढच्या आदेशांत सुगंधित सुपारी, सुगंधित तंबाखू, खर्रा, मावा हेही आले. पण गुटख्याचे पाकीट बंद करता येते, कारण ते कारखान्यात बनते. खर्रा मागणीबरहुकूम ठेल्यावर घोटला जातो. आणि ठेला हा कुणाच्या तरी घरची चूल आहे. नुसत्या धाडींनी हे सुटणार नाही. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान गावागावांत दारू आणि तंबाखूविरुद्ध लोकांना उभे करते आहे. गावाने स्वतः ठरवले तर खर्रा ठेल्यावरून उतरतो, हे तिथे दिसले आहे. गोंदियाच्या गावांनी तिकडे जाऊन पाहावे.

उपचाराबद्दल खोटी आशा दाखवणे योग्य नाही. एकदा बांधला गेलेला कोलॅजेनचा गठ्ठा पूर्ववत सैल होत नाही. सुपारी पूर्ण बंद केली तर जळजळ कमी होते, आजार पुढे सरकणे थांबू शकते. आणि सुरुवातीच्या टप्प्यात एवढ्यानेही खूप साधते. गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेज यांची इंजेक्शने देतात, तोंड उघडायचे व्यायाम शिकवतात. लाकडी चपट्या पट्ट्या दातांत धरायच्या आणि दर काही दिवसांनी एकेक वाढवत जायची. तोंड फारच मिटले असेल तर शस्त्रक्रिया करून आतले पट्टे कापतात. मग गालात मोठी उघडी जखम राहते, ती झाकली नाही तर पुन्हा आखडते. ती झाकायला शल्यविशारद पुष्कळदा गालाच्याच आत दडलेली चरबीची गादी ओढून आणतात. या गादीला शरीरशास्त्रात नाव आहे बिशाची चरबी. ऊतींची पहिली मोजदाद करणाऱ्या त्या माणसाच्याच नावाची ऊती, दोनशे वर्षांनंतर, सुपारीने बिघडलेल्या ऊतीची जागा भरते. शस्त्रक्रियेनंतर मात्र कित्येक महिने रोज व्यायाम करावाच लागतो. तो दुखतो, म्हणून लोक सोडतात. आणि तोंड पुन्हा मिटते. परत खर्रा धरला तर केलेले सगळे पाण्यात जाते.

सोडून फायदा होतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र उमेद देणारे आहे. मेहता आणि त्यांचे सहकारी डॉ. प्रकाश गुप्ता यांनी तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ३६ हजार भारतीय गावकऱ्यांना घरोघर जाऊन समजावले, दरवर्षी त्यांची तोंडे पाहिली आणि त्याचा अहवाल १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दिला. समजावल्यावर बऱ्याच लोकांनी सोडले किंवा कमी केले आणि तोंडात पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण घटले. यंत्र नाही, औषध नाही. माणसाने माणसाला सांगितले.

तेव्हा ज्यांच्या घरात कुणी खर्रा, गुटखा, गुडाखू किंवा नुसती सुपारी घेते, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. त्या माणसाच्या तोंडात तीन बोटे जातात का ते महिन्यातून एकदा पाहावे. उजेडात उभे करून दोन्ही गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघावी. आणि बोटे कमी मावत असतील, किंवा फोड, पांढरा वा लाल चट्टा, गाठ यांपैकी काही दोन आठवड्यांत गेले नाही, तर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात दाखवावे. तुकडा काढून तपासायला सांगितले तर घाबरून मागे फिरू नये. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही, आणि अभिस्तराखालचा पडदा भेदला जाण्याआधी सापडलेला अस्तराचा बिघाड जवळजवळ नेहमी बरा करता येतो. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. फोन मोफत आहे.